दुसरा फटका

शाळेत बाईंनी विचारलं होतं, "तुझा मामा काय करतो गं?" मी म्हटलं, "जाळी विणतो." बाई म्हणाल्या, "अरे वा, मासे पकडतो का?" सुट्टीत मामाकडे गेल्यावर हे सांगितलं तेव्हा तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पुढे कितीतरी दिवस क्लबमधून आला की चप्पल काढता काढता मामीला सांगायचा, "आज सात मासे."

मासे म्हणजे टेनिसच्या रॅकेट. रॅकेट येते ती नुसती चौकट असते. तिच्यात सोळा दोऱ्या उभ्या आणि एकोणीस आडव्या ओवायच्या, प्रत्येक दोरी मशीनने ठरलेल्या ताणाला ओढायची, चिमट्यात धरायची आणि पुढच्या भोकात घालायची. या कामाला गटिंग म्हणतात. क्लबच्या मागच्या बाजूला, टॉवेलच्या कपाटाशेजारी, एका खिडकीच्या खोलीत मामाने तीस वर्षं गटिंग केलं. एका रॅकेटला त्याला पाऊण तास लागायचा. कुणी वीस मिनिटांत करतो म्हणाला की मामा नाक मुरडून म्हणायचा, "करतो ना. मी पण दाढी दोन मिनिटांत करतो. रक्त येतं."

मी इंजिनिअर झाले आणि नोकरीसाठी त्याच्याकडेच राहायला आले. आमची कंपनी मोजमापाची यंत्रं तपासून देते. पहिल्याच महिन्यात मी मोठ्या उत्साहाने मामाचं मशीन तपासलं आणि सांगितलं, "मामा, हे दोनशे ग्रॅम कमी ओढतंय." मामा म्हणाला, "माहीत आहे. म्हणून मी दोनशे ग्रॅम जास्त लावतो. तू नको दुरुस्त करूस, मला परत सगळं शिकावं लागेल."

गटिंगवाल्यांचा एक दंडक असतो. एका खेळाडूची रॅकेट एकाच माणसाने करायची. मशीन तेच, दोरी तीच, ताण तोच, तरी माणूस बदलला की रॅकेट बदलते, आणि चांगल्या खेळाडूला ते पहिल्या चेंडूला कळतं. म्हणून शेजारच्या मशीनवरचा माणूस बाथरूमला गेला असला तरी त्याच्या खेळाडूच्या रॅकेटला दुसरा हात लावत नाही.

मामाची खेळाडू म्हणजे खारू. अकरा वर्षांची असताना ती कुणाची तरी जुनी रॅकेट घेऊन गटिंगच्या खोलीत आली, स्टुलावर बसली आणि पाऊण तास शेंगा फोडत मामाचे हात बघत राहिली. खाली टरफलांचा ढीग. मामाने तिथेच तिला खारू करून टाकलं. पुढे ती देशाची चॅम्पियन झाली, बसच्या मागे तिचा फोटो आला, शाम्पूच्या बाटलीवरसुद्धा आला. पण ती त्याच स्टुलावर येऊन बसायची आणि म्हणायची, "मामा, आज ताण एक किलो उतरवा, हवा जड आहे." मामा म्हणायचा, "हवा नाही, तू जड झालीस."

मग दोन वर्षांपूर्वी, क्लबची मोठी स्पर्धा चालू असताना, मामाचा उजवा हात मोडला.

मी ऑफिसमधून धावत हॉस्पिटलात पोचले तेव्हा क्लबचे सेक्रेटरी पलंगाशेजारी फॉर्म भरत होते. मामानेच सांगितलं, नव्या विजेच्या मशीनच्या जबड्यात हात सापडला. ऑपरेशन झालं, हाडांत दोन पिना बसवल्या. हाडं जुळली, पण मधलं बोट आणि अनामिका वळायची बंद झाली. शेवटची गाठ मारताना दोरी त्या दोन बोटांतच धरावी लागते. गटिंग संपलं. क्लबने मामाला पुढच्या काउंटरवर बसवलं. कुठलं कोर्ट कितीला कुणाचं, ते वहीत लिहायचं, डाव्या हाताने.

मी मशीनं तपासणारी बाई. त्या मशीनचा जबडा किती उघडतो हे मला पक्कं माहीत होतं, त्यात मामाचा पंजा जायचा नाही. तरी मी काही विचारलं नाही.

मामाला हात गेल्यापेक्षा दुसरंच लागलं होतं. त्या अपघातानंतर सगळ्या क्लबांच्या गटिंगच्या खोल्यांत एक पाटी लागली, 'मामांचा नियम: मशीन चालू असताना हात दूर ठेवा.' नवीन पोरांना ती दाखवून सांगायचे, "हा मामांचा नियम. तीस वर्षं काम केलं आणि हात घातला की नाही जबड्यात?" स्पर्धेच्या दिवसांत बाहेरचे गटिंगवाले काउंटरवरून जाताना हसून विचारायचे, "काय मामा, हात सगळे जागेवर ना?" मामाही हसायचा. घरी आला की जेवताना बोलायचा नाही.

त्याच आठवड्यात खारूही हॉस्पिटलात होती, दुसऱ्या. पेपरात आलं, थकवा. दीड वर्षाने तिने स्वतःच टीव्हीवर सांगितलं, थकवा नव्हता, मनाचा आजार होता, आहे, आणि गोळ्या चालू आहेत. शांतपणे बोलली. चेहरा भरला होता, केस बारीक कापले होते. शेवटी म्हणाली, "त्या दिवसांत मी काही माणसांना दुखावलं. त्या सगळ्यांची मी माफी मागते." समोरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

मामीने उठून टीव्ही बंद केला.

"सगळ्यांची म्हणजे कुणाची?" ती म्हणाली. "सगळ्यांना घर असतं का? पत्ता असतो?"

"अगं, तिला माहीतच नाही," मामा म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. तिला माहीत नाही, आणि जगाला वाटतं तुम्ही बावळट."

मी दोघांकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, बाकीचं मामीने सांगितलं. मशीन नव्हतं, खारू होती. सात दिवस झोपली नव्हती, तिला भलतंसलतं ऐकू येत होतं आणि तिने रॅकेटने मामाचा हात फोडला होता. कोचने तिला ओढून बाहेर नेलं. सेक्रेटरी फॉर्म घेऊन आले आणि म्हणाले, "मामा, कारण काय लिहू?" मामा म्हणाला, "मशीन." सेक्रेटरींनी एवढं झरझर लिहिलं की पेनाने कागद फाटला. मग शुद्धीवर आल्यावर खारूलाही तेच सांगितलं गेलं.

"तिच्या डोळ्यांत खारू नव्हतीच त्या दिवशी," मामा मला म्हणाला. "मी तक्रार करणार कुणाची?"

"आणि हात कुणाचा होता?" मामी म्हणाली.

हे बोलणं दर दोन-चार दिवसांनी होत राहिलं. मग एक दिवस खारूचाच फोन आला. तिने परत खेळायचा अर्ज केला होता, पुढच्या महिन्यात टेनिस संघटनेच्या समितीपुढे जायचं होतं. त्याआधी रविवारी मामाला भेटायला येऊ का, असं विचारत होती. मामाने हो म्हटलं आणि फोन ठेवून तसाच उभा राहिला.

मामी म्हणाली, "तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन."

"आणि परत कोसळली तर?"

"तर आपण धरू. पण किती दिवस झाकायचं? तुम्ही मेल्यावर तुमच्या फोटोखाली लिहायचं का, याने मशीनमध्ये हात घातला होता?"

मामा म्हणाला, "सोळा वर्षं तिची रॅकेट केली मी. एका वाक्यात तिला मोडायची?" आणि आत जाऊन पडला. चार दिवस तो असाच होता. सांगितलं तर तिचं काय होईल ही भीती. नाही सांगितलं तर आपलं नाव कायमचं असंच राहणार हे दुःख. दुसरं तो बोलायचा नाही, पण काउंटरवरून दिवसेंदिवस उशिरा यायला लागला होता. गटिंगची पोरं निघून जाईपर्यंत तिथेच बसून राहायचा, त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालायला नको म्हणून.

रविवारी दुपारी खारू आली. टोपी घालून, चालत. मामीने दार उघडलं आणि "ये" एवढंच म्हणाली. बैठकीच्या खोलीत जेमतेम चौघं मावतात. मी खाटेच्या कडेला बसले. चहा दिला तेव्हा खारूने कप दोन्ही हातांनी धरला. गोळ्यांनी हात थोडा कापतो, म्हणाली. मामाने लगेच आपला हात मांडीखाली लपवला.

हवापाण्याचं झालं. मामाने बिस्किटं पुढे केली, तिने घेतलं नाही. मग म्हणाली, "मामा, त्या विजेच्या मशीनचं एक विचारायचं होतं."

मामा बिस्किटांचा डबा बंद करायला लागला.

"त्या आठवड्यातलं मला फार आठवत नाही," ती म्हणाली. "पण एक आठवतं. त्या मशीनमध्ये कुणीतरी आहे असं मला वाटायचं. तुम्ही माझ्यासाठी त्याच्यावर चादर टाकलीत आणि माझ्या रॅकेट जुन्या, वजन लावून ताण देणाऱ्या मशीनवर करायला लागलात. मी रोज येऊन बघायचे, प्लग काढलेला आहे ना. रोज काढलेला असायचा."

"हो, म्हणजे... नंतर लावला होता मी."

"कशाला?"

"दुसऱ्या कुणाची तरी रॅकेट..."

"मामा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मी हरले की तुम्ही 'छान खेळलीस' म्हणायचात, तेव्हापासून मला माहीत आहे." तिने कप खाली ठेवला. "बंद मशीनने हात कसा धरला? कोचना विचारलं तर म्हणाले, जुनं उकरू नकोस. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, ज्याचा हात आहे त्याला विचार. म्हणून आलेय."

मामाने मामीकडे बघितलं. एरवी मामाला शब्द सुचला नाही की मामी पुढचा शब्द देते. त्या दिवशी ती ओठ घट्ट मिटून खिडकीकडे बघत बसली.

मग मामाने सांगितलं. त्याला सांगता येतं तसं, कामाच्या बाजूने.

"तुझी तिसरी रॅकेट मशीनवर होती. उभ्या सगळ्या झाल्या होत्या. आडव्या अकरा झाल्या होत्या, आठ राहिल्या होत्या. तू आलीस आणि म्हणालीस, काढा ती, तिच्यात आवाज आहे. मी म्हटलं, आठ आडव्या राहिल्यात खारू, झाल्या की काढतो. माझं चुकलं. काढायला हवी होती."

"का नाही काढलीत?"

"अर्धी झालेली काढता येत नाही गं. उभ्या दोऱ्या चौकटीला आत ओढत असतात. मशीनने धरलीय म्हणून ती आकारात असते. मध्येच सोडली की वाकते, मग कधी सरळ होत नाही. तुझ्या हातात दुसरी रॅकेट होती, ती तू उगारलीस. कोच दारातून ओरडले, मामा सरका. आता कुणीही सरकला असता. माझा हात आपोआप मध्ये गेला. रॅकेट वाकेल म्हणून."

मामी खिडकीकडे बघतच म्हणाली, "रॅकेट वाकेल म्हणून! ऐका."

खारूने विचारलं, "माझा नेम कशावर होता?"

"रॅकेटवर."

"किती वेळा मारलं मी?"

मामाने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, "दोनदा."

"दोन्ही वेळा रॅकेटवर?"

इथे मामा सहज हो म्हणू शकला असता. आम्हाला कुणालाच खरं माहीत नव्हतं, मामीलासुद्धा नाही. बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं.

"पहिला रॅकेटवर," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी तू माझ्याकडे बघितलंस. 'तुम्ही पण त्यांच्यातलेच,' म्हणालीस. आणि हातावर मारलंस."

खारू उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला. मामा घाबरून उभा राहिला. "अगं, बघ तिच्याकडे! बघ ना!"

"बसा," मामी म्हणाली. "तिला उभं राहता येतं."

ती तोंड धुऊन परत आली. टॉवेल न घेता तशीच ओल्या तोंडाने बसली.

"गोळ्या मी बंद केल्या होत्या," ती म्हणाली. "त्याच्या तीन आठवडे आधी. गोळी घेतली की चेंडू उशिरा दिसायचा. कोच म्हणाले, स्पर्धेपुरत्या थांबव. मी थांबवल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही."

"अगं, तू आजारी होतीस," मामा म्हणाला.

"होते. आजार काही मी मागून घेतला नव्हता. गोळी मात्र मीच फेकली, रोज सकाळी, बेसिनमध्ये. मला आठवतंय ते." थोडं थांबून म्हणाली, "मामा, तुम्ही माझ्यासाठी केलंत, कळतंय मला. पण इतके दिवस मी टीव्हीवर हवेत माफी मागतेय. लोक टाळ्या वाजवतात. ज्याची मागायची तो काउंटरवर बसून कोर्टाच्या वेळा लिहितोय, आणि मी येता-जाता त्याला हात करतेय. तुम्ही मला मागूच दिली नाहीत."

मामाने हे अपेक्षित धरलं नव्हतं. आपण तिला काहीतरी दिलं असं तो दोन वर्षं समजत होता. तो गोंधळून म्हणाला, "बरं, मग माग आता."

त्यावर मामी फिसकन हसली, आणि हसता हसता रडायला लागली. खारूने खुर्ची पुढे ओढली आणि मामाकडे बघून नीट, एकेक शब्द करत म्हटलं, की तिने त्याचा हात मोडला, तिला वाईट वाटतंय आणि ती माफी मागते. मामा जमिनीकडे बघत होता.

"तुम्हाला काय हवंय?" तिने विचारलं.

"मला काय हवं असणार."

"अहो, बोला की," मामी म्हणाली.

मामाने मांडीखालचा हात बाहेर काढला, परत आत घातला. मग लहान पोराने तक्रार सांगावी तसा म्हणाला, "गटिंगच्या खोलीत मला हसतात."

"पेपरात देऊ?"

"पेपरात नको. पेपरवाल्यांना काय कळतंय. खोलीत सांग."

दोन आठवड्यांनी क्लबमध्ये स्पर्धा होती. बाहेरून पाच गटिंगवाले आले होते. सकाळी सामने सुरू व्हायच्या आधी सगळी मशीनं चालू असतात, तेव्हा खारू आत गेली. मामाला तिने बोलावून आणलं होतं, त्याच्यामागे मामी, मामीच्या मागे मी. चॅम्पियन आली म्हणून सगळ्यांनी हातातलं थांबवलं. खरं तर चिमटे लावून ठेवले, सोडलं कुणीच नाही.

ती म्हणाली, "मामांचा हात मशीनमध्ये गेला नव्हता. मी मारलं होतं. मी आजारी होते, पण मारलं मी. त्यांनी मला वाचवायला खोटं सांगितलं. समितीला मी काल पत्र दिलंय. तुम्हाला आधी सांगायचं होतं, जरा उशीर झाला."

भिंतीवर ती पाटी होतीच. त्यांच्यातले एक टकले, जे सगळ्यांत जास्त चिडवायचे, ते त्या पाटीकडे बघून कानापर्यंत लाल झाले. मग कोपऱ्यातल्या दाढीवाल्यांनी हळूच विचारलं, "मामा, रॅकेट मशीनवर होती का?"

"होती."

"कितवी चालली होती?"

"अकरावी आडवी झाली होती."

"अकरावी!" दाढीवाले म्हणाले. पाचही जणांनी माना हलवल्या. टकले म्हणाले, "मग सोडणार कशी? मी पण हात घातला असता."

"मी पण."

"सगळेच मेले वेडे," मामी मला म्हणाली. पण मामाचा चेहरा मी बघत होते. दोन वर्षांत मी त्याला एवढा ताठ उभा राहिलेला बघितलं नव्हतं. टकले पाटी काढायला गेले तेव्हा मामाच म्हणाला, "राहू द्या हो. नियम बरोबर आहे. नाव तेवढं काढा."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. समितीने खारूला आणखी एक वर्ष खेळायला मनाई केली आणि अट घातली, की डॉक्टरांचा कागद दर महिन्याला द्यायचा. कोचला काढलं. सेक्रेटरींनी क्लबच्या रजिस्टरमधली जुनी नोंद लाल शाईने खोडून खाली खरं लिहिलं आणि सही केली. शाम्पूवरून फोटो गेला. लोकांतले निम्मे तिला शिव्या देत होते, निम्मे तिला शूर म्हणत होते, आणि दोन्हीकडचे मामाला शोधत काउंटरवर यायला लागले. एक बाई माइक घेऊन आली, "तुम्ही तिला माफ केलंत का?" मामाने वहीत बघून सांगितलं, "तीन नंबरचं कोर्ट रिकामं आहे. हवंय का?"

आम्हाला वाटलं, संपलं. आणि तेव्हा मामाला राग आला.

एका सकाळी औषधाच्या बाटलीचं झाकण त्याला उघडेना. एरवी तो मला हाक मारायचा. त्या दिवशी त्याने बाटली भिंतीवर फेकली. काच, औषध सगळीकडे. मामी धावत आली. "माझा हात," तो म्हणत होता, "माझा हात मोडला तिने. बघून मोडला." मग खारूचे फोन घेणं त्याने बंद केलं.

"दोन वर्षं नाही आला तो राग?" मामीने विचारलं.

"तेव्हा कुणावर धरणार होतो?" मामा म्हणाला. "मशीनवर?"

मामीने काच गोळा केली. जी दोन वर्षं त्याच्याशी भांडत होती, ती आता त्याला काहीच म्हणाली नाही.

खारू दर मंगळवारी यायची. बेल वाजली की मामा उठून आतल्या खोलीत जायचा आणि दार लावायचा, मोठ्याने, ऐकू जाईल असं. खारू स्वयंपाकघरात मामीजवळ बसायची, तासभर. पहिल्या मंगळवारी ती दाराकडे बघत होती. दुसऱ्या मंगळवारी तिने विचारलं, "मामी, मामा मला माफ करतील?"

"मला नाही माहीत," मामी म्हणाली. "चहा घेणार?"

तिसऱ्या मंगळवारी तिने काही विचारलं नाही. मामीला तिने एक कागद दिला. तिची रात्रीची झोप चारच तासांवर आली, ती पैसे उधळायला, भरभर बोलायला लागली, की कुणाला फोन करायचा त्यांचे नंबर होते. "हा चौघांना दिलाय," ती म्हणाली. "तुम्हाला पण देऊ का? मला स्वतःला आधी कळत नाही. तुमचं मन नसेल तर राहू दे." मामीने वाचला, घडी घातली आणि डाळीच्या डब्यामागे ठेवला.

"तिला घरात कशाला घेतेस?" मामा मामीला विचारायचा.

"तुम्ही नका बोलू तिच्याशी. मी कुठे बोला म्हणतेय? माझ्याशी बोलते ती."

असे सात मंगळवार गेले. आठव्या मंगळवारी मामा सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन आला होता आणि बोलणी खाऊन आला होता. ऑपरेशननंतर बोटांचे व्यायाम सांगितले होते, ते त्याने दोन वर्षांत दहा दिवससुद्धा केले नव्हते. गरम पाण्यात हात धरायचा, मग दुसऱ्या कुणीतरी एकेक बोट दाबून वाकवायचं, रोज. गाठ मारता येईल की नाही सांगता येत नाही, पण झाकण उघडेल, असं डॉक्टर म्हणाले. मामी करायला बसली, तर मामा पहिल्याच बोटाला ओरडला आणि मामीने घाबरून बोट सोडून दिलं. मी केलं तर म्हणाला, "तू मीटर लावल्यासारखं दाबतेस."

संध्याकाळी बेल वाजली. मामा उठला, आतल्या खोलीपर्यंत गेला. दार लागल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने तो बाहेर आला, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि ओट्याकडे पाठ करून बसला. खारू उठायला लागली.

"बस," मामा म्हणाला. सात आठवड्यांतला पहिला शब्द. "तुझं मनगट गेलं होतं तेव्हा व्यायाम कुणी करून घेतला होता?"

"फिजिओने. मग मीच करायला शिकले."

"तासभर नुसती बसतेसच तर हे कर." आणि त्याने उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर.

तिने तो हात कधी जवळून बघितला नव्हता. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत दोन पांढऱ्या रेघा. मामीने गरम पाण्याचं पातेलं आणून ठेवलं. दहा मिनिटं हात पाण्यात होता. मग खारूने हात फडक्यावर घेतला. तिचा हात कापत होता. तिने कोपर टेबलावर टेकवलं, मग थांबला. मधलं बोट धरलं आणि वाकवलं.

"आई गं! हळू!"

"दहा वेळा करायचंय."

"दहा? डॉक्टर पाच म्हणाले."

"डॉक्टर दहा म्हणाले," मामी गॅसजवळून म्हणाली.

"एक," खारू म्हणाली. "दोन."

"आणि हे माफीबिफी काही नाही," मामा म्हणाला.

"माहीत आहे. तीन."

"अजून राग आहे मला. रोज सकाळी उठलो की येतो."

"असू दे. चार."

"म्हणजे तू यायचं नाहीस असं नाही."

तिने वर बघितलं नाही. बोट मघापेक्षा थोडं जास्त आत आलं होतं, मामाने दात आवळले होते.

"पाच," ती म्हणाली. "खांदा सैल सोडा, मामा."